आइसलँडच्या महिला संघाचा सामना रेक्याविकमध्ये: खेळ अव्वल, बसायची बाजू मात्र बघून घ्या

आइसलँडच्या महिला फुटबॉल संघाच्या घरच्या सामन्याचं तिकीट काढावं का? काढावं. फक्त कुठल्या महिन्याचं, कुठल्या बाजूचं आणि कुठल्या मैदानावरचं, हे आधी नीट बघावं. हाच संघ जुलैमध्ये पश्चिमेच्या स्टँडमधून पाहणं आणि ऑक्टोबरात पूर्वेच्या स्टँडमधून पाहणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. युरोप फिरायला निघालेले, किंवा जर्मनी-नेदरलँड्स-इंग्लंडमध्ये नोकरी करणारे बरेच मराठी लोक आइसलँडला जातात ते धबधबे आणि ऑरोरा बघायला. त्यातली एक संध्याकाळ या सामन्यासाठी ठेवायची असेल, तर पैसे कुठे वसूल होतात आणि कुठे वाया जातात ते पाहू.

आधी संघाबद्दल, कारण खरा माल तोच आहे. संपूर्ण देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे पेठापेठांत तालमींचे संघ असलेल्या कोल्हापूरहूनही लहान वस्तीतून हा राष्ट्रीय संघ निवडला जातो, आणि तो २००९, २०१३, २०१७, २०२२ आणि २०२५ अशा सलग पाच युरो (युरोपियन अजिंक्यपद) स्पर्धांना पात्र ठरला आहे. २०१३ मध्ये नेदरलँड्सला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. २०२२ मध्ये बेल्जियम, इटली आणि फ्रान्स, तिघांशीही १-१ बरोबरी झाली आणि एकही सामना न हरता संघ गटातूनच घरी परतला. विश्वचषकाला मात्र संघ अजून एकदाही पात्र ठरलेला नाही. २०२३ च्या विश्वचषकाची थेट जागा उट्रेख्तमध्ये नेदरलँड्सविरुद्ध अगदी भरपाई वेळेत खाल्लेल्या एका गोलने गेली, आणि मग प्ले-ऑफमध्ये पोर्तुगालने जादा वेळेत ४-१ ने बाहेर काढलं.

पाया फार जुना नाही. पहिला आंतरराष्ट्रीय सामना २० सप्टेंबर १९८१ रोजी किल्मारनॉकला स्कॉटलंडविरुद्ध झाला, ३-२ अशी हार. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तर फुटबॉल महासंघाने काही वर्षं महिला संघच बंद ठेवला होता. चित्र बदललं ते २००० नंतर, बंदिस्त हॉलमधल्या पूर्ण आकाराच्या कृत्रिम मैदानांमुळे. केफ्लाविकचा हॉल २००० मध्ये उभा राहिला. कोपावोगुर आणि रेक्याविकचे त्यानंतर दोन वर्षांत. हिवाळ्यात जिथे दुपारी चारलाच अंधार पडतो आणि जमीन गोठते, तिथे आठ वर्षांच्या मुलींना बाराही महिने सराव मिळू लागला, तोही पदवीधारक प्रशिक्षकांकडून. आजचा संघ त्याच पिढीचा आहे. २०१८ पासून महासंघ महिला आणि पुरुष संघांना सामन्याचा बोनस सारखाच देतो, हीही नोंद हवी.

आता स्टेडियम. राष्ट्रीय मैदान लोइगारदाल्सव्होत्लुर शहराच्या मध्यभागापासून पूर्वेला साधारण तीन किलोमीटरवर, लोइगारदालुर नावाच्या हिरव्या पट्ट्यात आहे. बसायला सुमारे ९,८०० जागा. समोरासमोर दोन स्टँड, आणि दोन्ही गोलांच्या मागची बाजू उघडी. वर्षानुवर्षं इथली मुख्य तक्रार होती ती धावपट्टीची. बालेवाडीत ट्रॅकपलीकडून फुटबॉल पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको: लांबच्या कोपऱ्यात चेंडू गेला की खेळाडू ओळखायचा तो बुटांच्या रंगावरून. २०२४ च्या शरदात काम सुरू झालं. जुनं गवत आणि ट्रॅक काढला, मैदान जुन्या, म्हणजे पश्चिमेच्या स्टँडकडे काही मीटर सरकवलं, खाली तापवण्याच्या नळ्या टाकल्या आणि वर हायब्रिड गवत लावलं. हायब्रिड म्हणजे नैसर्गिक गवतच, पण मुळं धरून ठेवायला त्यात कृत्रिम धागे शिवलेले असतात. त्यामुळे थंडीत जमीन उखडून ढेकळं निघत नाहीत. जून २०२५ मध्ये फ्रान्सविरुद्धच्या महिलांच्या सामन्याने हे मैदान पुन्हा उघडलं. निकाल ०-२ लागला, पण चेंडूची चाल आधीपेक्षा स्पष्टपणे खरी झाली आहे. जुन्या मैदानावर एप्रिल-मेमध्ये जमिनीलगतचा पास अर्ध्यातच मरायचा.

या बदलाचा साधा परिणाम असा की पश्चिमेचा स्टँड आता खेळाच्या जवळ आला आहे आणि पूर्वेचा आणखी लांब गेला आहे. म्हणून जागा निवडताना डोळे झाकून पश्चिम घ्यावी, असं वाटेल. पण ऊन विसरू नका. सामने बरेचदा दुपारी चार-साडेचारच्या सुमारास सुरू होतात, कारण युरोपातल्या पाहुण्या देशांच्या टीव्हीला ती वेळ सोयीची पडते. आइसलँडचं घड्याळ सूर्याच्या जवळजवळ दीड तास पुढे आहे, त्यामुळे साडेचारला सूर्य अजून नैर्ऋत्येला असतो. पूर्वेच्या स्टँडमध्ये बसलात तर तो थेट डोळ्यांत; एप्रिल आणि ऑक्टोबरात तो इतका खाली असतो की टोपीच्या पुढच्या झडपेशिवाय निभाव लागत नाही. पश्चिमेकडे ऊन पाठीशी, खेळ स्वच्छ दिसतो, पण बसायला सावली आणि गारठा. आमचा कौल पश्चिमेलाच: थंडीवर कपडे घालता येतात, डोळ्यांतल्या उन्हावर इलाज नाही. मधल्या रांगांमध्ये वरच्या बाजूला बसावं. अगदी खाली बसलं की राखीव खेळाडू आणि जाहिरातींचे फलक मध्ये येतात आणि संघाची मांडणी दिसत नाही, आणि या संघाचं सगळं वैशिष्ट्य मांडणीतच आहे.

काय बघायचं, हे माहीत नसलं तर हा संघ कंटाळवाणा वाटू शकतो. चेंडू स्वतःकडे फार वेळ ठेवत नाहीत. बलाढ्य संघाविरुद्ध दोन घट्ट रांगा, मधे जागा नाही, आणि चेंडू मिळाला की थेट पुढे. मधल्या बचावात ग्लोदिस पेर्ला विग्गोसदोत्तिर; बायर्न म्युनिकची आणि देशाचीही कर्णधार. (आइसलँडमध्ये सगळे एकमेकांना पहिल्या नावानेच ओळखतात, मैदानावरची घोषणाबाजीही त्याच नावाने होते, तेव्हा ग्लोदिस, स्वेनदिस, कारोलिना एवढी नावं लक्षात ठेवली तरी पुरे.) चेंडूकडे न बघता पाच मिनिटं फक्त ग्लोदिसकडे बघा. टॅकल ती क्वचितच करते. हाताने इशारे करून शेजारणीला दोन पावलं डावीकडे सरकवते आणि समोरच्याचा पासच मिटवून टाकते. टीव्हीवर हे कधीच दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे असतो. तिकिटाचे निम्मे पैसे इथेच वसूल.

उरलेले निम्मे स्वेनदिस जेन योन्सदोत्तिरच्या थ्रो-इनचे. प्रतिस्पर्ध्याच्या गोलपासून पंचवीस-तीस मीटरवर साइडलाइनवरून थ्रो मिळाला की उंच बचावपटू पुढे सरकतात, चेंडू पुसला जातो, स्वेनदिस मागे जाऊन धाव घेते आणि हातानेच चेंडू थेट गोलसमोरच्या सहा यार्डांच्या छोट्या चौकटीत पोहोचवते. हे इतकं घातक का? नियमात थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड (बचावाच्या रांगेपलीकडे आधीच उभं राहून चेंडू घेण्यावरची बंदी) नसतो. त्यामुळे बचावाची रांग पुढे सरकवून हल्लेखोरांना बाहेर ठेवायची नेहमीची युक्ती इथे चालत नाही. गोलरक्षकाच्या नाकासमोर दोन जणी उभ्या करता येतात. शिवाय हाताने फेकलेला चेंडू लाथेच्या चेंडूपेक्षा संथ आणि उंच येतो. बचाव करणारीला तो डोक्याने लांब मारायला जोर स्वतःचाच लावावा लागतो, आणि तो बहुधा तोकडा पडून परत चौकटीबाहेरच्या आइसलँडच्या खेळाडूकडे येतो. थेट गोलमध्ये फेकलेला थ्रो मात्र गोल धरत नाहीत, कुणाचा तरी स्पर्श व्हावाच लागतो. म्हणून पहिल्या खांबाजवळच्या नुसत्या हलक्या डोकं लावण्यालाही स्टँड उठून उभा राहतो.

हे सगळं एकाच सामन्यात बघायला मिळालं तो दिवस म्हणजे १२ जुलै २०२४. जर्मनीला याच मैदानावर ३-० ने हरवून संघाने २०२५ च्या युरोचं तिकीट पक्कं केलं. गोल इंगिब्योर्ग, अलेक्सांद्रा आणि स्वेनदिसचे. जर्मनीने चेंडू जास्त वेळ ठेवला, आइसलँडने चुका टिपल्या. उलट बाजूही सांगितली पाहिजे: समोरचा संघ स्वतःच मागे बसला की या संघाला गोल कसा करावा हे कळेनासं होतं. युरो २०२५ मध्ये फिनलंडविरुद्ध तेच झालं. पोटाच्या त्रासाने ग्लोदिस मध्यंतरालाच बाहेर, मग एका खेळाडूला लाल कार्ड, आणि ०-१. पुढे स्वित्झर्लंडकडून ०-२ आणि नॉर्वेकडून ३-४. तीनही सामने हातचे गेले. त्यामुळे प्रतिस्पर्धी निवडायची मुभा असेल तर स्पेन, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी अशा चेंडू खेळवणाऱ्या संघाविरुद्धचा सामना घ्या. कागदावर सोप्या वाटणाऱ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तुमची संध्याकाळ आडव्या पासांतच जाण्याची शक्यता जास्त. २०२७ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत स्पेन, इंग्लंड आणि युक्रेन याच गटात आले, हे प्रेक्षकाच्या दृष्टीने भाग्यच. संघाच्या दृष्टीने नव्हे.

तिकीट ऑनलाइन मिळतं, महासंघाच्या संकेतस्थळावरून पुढे जाऊन. फोनवर कोड येतो, कागद लागत नाही. मुलांना सवलत असते. महिलांच्या सामन्यांची तिकिटं बहुधा शेवटच्या दिवसापर्यंत शिल्लक असतात, पण त्यावर विसंबू नका: सप्टेंबर २०१८ मध्ये जर्मनीविरुद्धच्या सामन्याला सगळं स्टेडियम विकलं गेलं होतं. जुलैमध्ये शेजारच्या कोपावोगुरला सीमामोत ही लहान मुलींची मोठी फुटबॉल स्पर्धा भरते. त्या दिवसांत सामना असला तर स्टँड दहा-बारा वर्षांच्या, आपापल्या क्लबच्या जर्सीतल्या मुलींनी भरलेला असतो. आवाज बारीक, पण कान बसवणारा. शांतपणे सामना बघायचा असेल तर त्यांच्यापासून लांबचा ब्लॉक घ्या. मुलं सोबत असतील तर मुद्दाम त्यांच्यामध्ये.

तारखांबाबत मात्र सेवा ढिली आहे, आणि दोष हवामानाचा. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे सामने ऐनवेळी हलू शकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्बियाविरुद्धची नेशन्स लीग या युरोपीय स्पर्धेची प्ले-ऑफ लढत कोपावोगुरच्या कृत्रिम मैदानावर खेळवावी लागली (२-१ ने जिंकली). एप्रिल २०२५ चे दोन सामने, नॉर्वे ०-० आणि कारोलिनाच्या हॅटट्रिकने गाजलेला स्वित्झर्लंड ३-३, मुख्य मैदान खणलेलं असल्याने शेजारच्या थ्रोत्तुर क्लबच्या मैदानावर झाले. आणि नवं, तापवलेलं मैदान तयार असूनही ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस इतका बर्फ पडला की उत्तर आयर्लंडविरुद्धचा सामना एक दिवस पुढे ढकलून पुन्हा थ्रोत्तुरलाच न्यावा लागला. नळ्या जमीन गोठू देत नाहीत. काही तासांत पडलेला ढीगभर बर्फ वितळवणं त्यांच्या कुवतीबाहेरचं आहे, शिवाय स्टँड आणि रस्ते कोण तापवणार? म्हणून या महिन्यांत जायचं असेल तर परतीचं विमान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं घेऊ नका. मधे एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा.

थ्रोत्तुरला सामना हलला तर नाराज व्हायचं कारण नाही, हे आवर्जून सांगतो. ते मैदान त्याच परिसरात, चालत काही मिनिटांवर आहे. स्टँड छोटा, सोयी जेमतेम, पण साइडलाइन इतकी जवळ की ग्लोदिसच्या हाका स्पष्ट ऐकू येतात. कृत्रिम गवतावर चेंडू जास्त उसळतो आणि ओल्या पृष्ठभागावर झपकन निसटतो, हे दोन्ही या संघाला सवयीचं, पाहुण्यांना नाही. तोटा एकच: जागा मोजक्या, त्यामुळे तिकीट लवकर संपतं.

कपड्यांत काटकसर नको. जुलैत सरासरी तापमान ११-१२ अंश असतं, पण दोन्ही गोलांमागची बाजू उघडी असल्याने वारा मैदानाच्या लांबीने सरळ वाहतो आणि नव्वद मिनिटं बसून राहिल्यावर महाबळेश्वरची थंडी परवडली असं वाटतं. वारा अडवणारं जॅकेट, आत लोकर, कानटोपी, आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर टाकायला जाडसर काहीतरी. छत्री बिनकामाची, पहिल्याच झोतात उलटते आणि मागच्याचा सामनाही बुडवते. वाऱ्याचा खेळावरही परिणाम होतो. पहिल्या दहा मिनिटांत गोलरक्षक सेसिलिया चेंडू लांब मारते की जवळच्या बचावपटूला देते, यावरून वारा कुणाच्या बाजूचा आहे ते कळतं.

खाण्याला गुण कमी. सामन्याला पिल्सा, म्हणजे तिथलं हॉट डॉग, हेच प्रमुख खाद्य. मटण, डुक्कर आणि गाय अशा मिश्र मांसाचं सॉसेज, वर कच्चा कांदा, तळलेला कुरकुरीत कांदा, केचप, गोडसर तपकिरी मोहरी आणि रेमुलाड (मेयोनेजसारखं सॉस). चव झकास, पण शाकाहारी किंवा गोमांस न खाणाऱ्यांना काही उपयोग नाही. त्यांनी आधीच जेवून यावं. बोनुस या स्वस्त दुकानातून ब्रेड, चीज, स्किर (तिथलं घट्ट दही) घेतलं तर रेक्याविकच्या हॉटेलांचे दर टळतात. रोख क्रोना काढायची गरज नाही, कार्ड सगळीकडे चालतं. बाटलीबंद पाणी विकत घेणं तर शुद्ध उधळपट्टी: नळाचं थंड पाणी उत्तम असतं. गरम नळाच्या पाण्याला गंधकाचा वास येतो, तो भूगर्भातल्या उष्णतेचा. ते बाटलीत भरू नका.

जायला मध्यवस्तीतून १४ नंबरची बस सोयीची, शेजारच्या जलतरण तलावाशी उतरायचं. बसमध्ये ॲप किंवा कार्ड वापरा. ह्लेमुरच्या बसथांब्यापासून चालत पाऊण तासही लागत नाही. सामना सुटल्यावर सगळे एकदम बसकडे धावतात. त्या वेळी तलावाकडे वळलेलं शहाणपणाचं. उघड्यावरचे गरम पाण्याचे हौद रात्री उशिरापर्यंत चालू असतात. एकच अट, आणि ती काटेकोर पाळली जाते: पाण्यात उतरण्यापूर्वी पोहण्याचे कपडे न घालता साबणाने अंघोळ. लाजून टाळलंत तर तिथला कर्मचारी परत पाठवतो.

भारतातून बघायचं तर आइसलँडची वेळ बारा महिने आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, तिथे उन्हाळी घड्याळ नाही. साडेचारचा सामना म्हणजे आपल्याकडे रात्री दहा. तिथल्या सरकारी वाहिनीचं प्रक्षेपण बहुधा देशाबाहेर बंद असतं. युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाच्या मोफत ॲपवर नोंदणी केल्यास काही पात्रता सामने मिळतात, पण कुठले ते आदल्या दिवशी तपासून घ्यावं लागतं.

आणि प्रवासाच्या तारखांत राष्ट्रीय सामना बसतच नसेल, तर महिलांच्या बेस्ता देल्ड लीगचा सामना बघा. दहा संघ, आधी अठरा फेऱ्या, मग वरचे सहा आणि खालचे चार असे दोन गट. हंगाम वसंतापासून शरदापर्यंत, म्हणजे पर्यटकांच्या मोसमातच. रेक्याविकमध्ये वालुर आणि शेजारी कोपावोगुरला ब्रेदाब्लिक हे सगळ्यांत भक्कम क्लब. २०२४ आणि २०२५ ची विजेतेपदं ब्रेदाब्लिककडे गेली. तिकीट दारातच मिळतं. गर्दी काहीशेची, त्यामुळे कठड्याला रेलून उभं राहता येतं, आणि दोन-तीन वर्षांनी राष्ट्रीय संघात दिसणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुली हाताच्या अंतरावर खेळताना दिसतात.